हॅरॉल्ड लंडनमध्ये थांबला का नाही? (इंग्लंड, १०६६)

ओसरी

नमस्कार मंडळी. सातवीतल्या लेकीला रोज रात्री झोपताना इतिहासातली एखादी हकिकत सांगायची, असा आमच्याकडे नेम आहे. या आठवड्यात इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड गॉडविन्सन घेतला होता. ५ जानेवारी १०६६ ला एडवर्ड राजा निपुत्रिक वारला, दुसऱ्याच दिवशी हॅरॉल्डचा राज्याभिषेक झाला आणि त्याच वर्षी दोन दिशांनी दोन दावेदार चालून आले. उत्तरेकडून नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्डराडा. त्याच्यासोबत कोण, तर हॅरॉल्डचा सख्खा भाऊ टॉस्टिग! दक्षिणेकडून नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम.

२५ सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिजला हॅरॉल्डनं नॉर्वेची फौज कापून काढली. लेक इथपर्यंत अंथरुणात उठून बसली होती. मग मी सांगितलं की विल्यम २८ ला पेव्हेन्सीला उतरला, बातमी कळताच हॅरॉल्ड तडक दक्षिणेला निघाला, लंडनला जेमतेम पाच-सहा दिवस काढले आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळ मारला गेला. तिचा चेहरा पडला. म्हणाली, "आई, माणसं दमली होती ना? मग महिनाभर लंडनलाच थांबायचं. विल्यम कुठं पळून जाणार होता?"

मला उत्तर देता आलं नाही. जिथं वाचलं तिथं "उतावळेपणा नडला" एवढंच लिहिलेलं सापडतं. पण ज्या माणसानं विल्यमची वाट बघत सगळा उन्हाळा दक्षिण किनाऱ्यावर ठाण मांडून काढला, त्याला उतावळा कसं म्हणायचं? तिला काय सांगू?

सह्यकडा

मला तरी उतावळेपणाच वाटतो. नीट बघा. लंडनहून यॉर्ककडे जवळजवळ तीनशे किलोमीटर त्यानं चार-पाच दिवसांत तोडले. नॉर्वेवाले गाफील सापडले. दिवस उन्हाचा होता म्हणून बऱ्याच जणांची चिलखतं रिकॉलला जहाजांवरच राहिली होती. असा छापा एकदा साधला की पुन्हा तसाच घालावासा वाटणारच. विल्यमला झोपेत गाठायचं, हाच बेत असणार. पण विल्यमच्या टेहळ्यांनी आदल्या दिवशीच खबर पोचवली आणि त्याचं सैन्य रात्रभर हत्यारबंद जागं राहिलं. डाव उलटला. आठ दिवस थांबून ताजी माणसं गोळा केली असती, तर इंग्लंडचा इतिहास वेगळा झाला असता.

दाणागोटा

ओसरीताई, लेकीला माझा आशीर्वाद सांगा. प्रश्न लाखमोलाचा आहे.

मी २६ वर्षं सैन्याच्या पुरवठा खात्यात काढली. हातात बंदूक घेऊन लढलो नाही. हजार माणसं उद्या सकाळी काय खाणार, याचा आज रात्री हिशेब मांडणं हे माझं काम. त्यामुळं १०६६ ची ही गोष्ट मला ऑक्टोबरात सुरू झालेली दिसतच नाही. माझ्या लेखी ती ८ सप्टेंबरला सुरू होते.

त्या काळची इंग्लंडची फौज दोन प्रकारची. राजाच्या आणि अर्लांच्या (प्रांत सांभाळणाऱ्या बड्या सरदारांच्या) पदरी असलेले हाउसकार्ल, म्हणजे आपल्या भाषेत हुजरातीचे लोक. दोन हातांनी चालवायची लांब दांड्याची कुऱ्हाड, अंगात कड्यांचं चिलखत, बारा महिने तयार. दुसरी फिर्ड, म्हणजे गावोगावातून जमिनीच्या हिशेबानं बोलावलेली माणसं. विल्यमनं १०८६ मध्ये करवून घेतलेल्या पाहणीत बर्कशरचा जुना रिवाज नोंदलेला आहे. पाच हाइड (हाइड म्हणजे तिकडचं जमिनीचं माप) जमिनीमागे एक माणूस आणि त्याच्या खाण्यापिण्याला व पगाराला दर हाइडमागे ४ शिलिंग. म्हणजे माणशी २० शिलिंग. किती काळासाठी? दोन महिन्यांसाठी.

हा "दोन महिने" आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बोटं मोजली. टॉस्टिगनं मे महिन्यात वाइट बेटावर आणि दक्षिण किनाऱ्यावर लूटमार केली. तेव्हापासून हॅरॉल्ड फौज आणि आरमार जमवत होता. जून, जुलै, ऑगस्ट गेला. समोर खाडीपलीकडं विल्यमची जहाजं तयार, पण वारा उलटा. रोज सकाळी क्षितिजाकडं बघायचं, शीड दिसत नाही, आणि तेवढ्यात आणखी एका दिवसाचं धान्य संपलेलं. तिकडं गावाकडं सुगी आलेली, पीक उभं, कापायला घरात माणूस नाही. शेवटी ८ सप्टेंबरला, मेरीमातेच्या जन्माच्या सणाला, हॅरॉल्डनं सगळ्यांना घरी पाठवलं. अँग्लो-सॅक्सन बखरीत, म्हणजे त्या काळच्या इंग्रजांच्या वर्षवार नोंदींत, याचं कारण एका ओळीत आहे. माणसांचा शिधा संपला होता आणि त्यांना तिथं आणखी थांबवून धरणं कुणालाच शक्य नव्हतं.

ती ओळ मला पाठ आहे. एकदा डोंगरात रस्ता खचला होता. आठशे माणसांचा तीन दिवसांचा शिधा पाच दिवस पुरवायचा होता. पहिल्या दोन दिवशी पोरं कुरकुरतात, थट्टा करतात, आचाऱ्याला शिव्या देतात. चौथ्या दिवशी ताट घेऊन रांगेत उभे राहतात आणि कुणीच काही बोलत नाही. माझ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या शांततेची. "कुणालाच शक्य नव्हतं" असं लिहिणाऱ्या त्या पाद्र्यानं तशीच शांतता कुणाकडून तरी ऐकलेली असणार, असं मला मनापासून वाटतं.

आता पुढचे दिवस मोजा. आरमार लंडनकडं वळवताना बरीच जहाजं वाटेत बुडाली. हार्डराडा सुमारे तीनशे जहाजं घेऊन उत्तरेला आला. २० सप्टेंबरला फुलफर्डला एडविन आणि मॉरकार या दोन तरुण अर्लांनी त्याला अडवलं आणि त्यांची फौज पार मोडली. म्हणजे उत्तरेची ताजी माणसं तिथंच संपली. २४ ला हॅरॉल्ड यॉर्कजवळ टॅडकास्टरला, २५ ला स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई. हार्डराडा पडला, टॉस्टिग पडला, जहाजांवरून धावत आलेली नॉर्वेची राखीव तुकडीही कापली गेली. उरलेल्यांना घरी न्यायला २४ जहाजं पुरली. तीनशेतली चोवीस! पण असा विजय फुकट मिळत नाही. हॅरॉल्डच्या हुजरातीतले किती तिथं राहिले, किती जायबंदी झाले, याचा विचार करा. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, २७ च्या संध्याकाळी, विल्यमला हवा असलेला वारा सुटला. किनारा १९ दिवस रिकामा होता.

तेव्हा सह्यकडासाहेब, "ताजी माणसं गोळा करायची" म्हणजे कोणती? एकदा बोलावून सगळा उन्हाळा राबवून घेतलेली, आत्ता कुठं घरी जाऊन विळा हातात धरलेली, तीच ना?

उलटतपासणी

दाणागोटाकाका, फार छान लिहिलंत. पण तुमच्याच हिशेबानं मी उलटं विचारतो. शिधा विल्यमचाही संपणार होताच की. परका मुलुख, मागं समुद्र, हिवाळा तोंडावर. वेळ हॅरॉल्डच्या बाजूनं होता. त्याचा भाऊ गर्थ त्याला हेच सांगत होता असं जुने लेखक लिहितात. तू मागं राहा, मी लढतो, मी पडलो तरी राजा शाबूत राहील. नंतरच्या नॉर्मन लेखनात तर गर्थच्या तोंडी आणखी पुढचा सल्ला आहे. लंडन ते हेस्टिंग्ज सगळा मुलुख जाळून टाका, विल्यम उपाशी मरेल. हॅरॉल्डनं ऐकलं नाही. मग हा उतावळेपणा नाही तर काय?

दाणागोटा

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. याच प्रश्नावर माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विल्यमकडं दोन हजार घोडे धरा. अंदाजच आहे, कमी-जास्त असतील. घोड्याला दिवसाला चारा-दाणा मिळून दहा किलो लागतो. म्हणजे नुसती वैरण रोज वीस टन. ती जहाजातून आणणं अशक्य. मग कुठून येणार? आसपासच्या गावांतून. फ्रान्समधल्या बायूच्या त्या प्रसिद्ध भरतकामात, ज्यात ही सगळी स्वारी चितारली आहे, हे सगळं दाखवलंय. उतरल्या उतरल्या जनावरं धरून आणतायत, आडव्या दांड्याला हंडा टांगून शिजवतायत, मांस सळ्यांना लावून देतायत, ढालींची मेजं करून जेवतायत. माझ्यासारख्याला तो लढाईपेक्षा महत्त्वाचा भाग वाटतो.

आणि ही गावं कुणाची? ससेक्स हा गॉडविन घराण्याचा बालेकिल्ला. बॉशमला त्यांचा वाडा. राजा होण्याआधी हॅरॉल्ड वेसेक्सचा अर्ल होता. जी घरं जळत होती ती त्याच्या स्वतःच्या कुळांची होती. विल्यमला हे नक्की ठाऊक होतं. थांबायचं म्हणजे रोज लंडनच्या वेशीवर येऊन उभ्या राहणाऱ्या आपल्या माणसांना सांगायचं की अजून पंधरा दिवस जळा. आणि गर्थचा सल्ला ऐकायचा म्हणजे उरलेलं आपणच जाळायचं. नॉर्मन लेखकांनीच हॅरॉल्डच्या तोंडी उत्तर घातलंय की ज्यांचा मी राजा, त्यांचीच घरं मी कशी जाळू. शत्रूच्या बाजूचा लेखक असं लिहितो तेव्हा त्याला किंमत आहे.

त्यात राजा होऊन नऊ महिने झालेले. अंगात राजरक्त नाही. एडवर्डची राणी त्याची बहीण, एवढंच नातं. राजरक्ताचा एडगर कोवळ्या वयाचा म्हणून विटननं, म्हणजे सरदार आणि धर्मगुरूंच्या सभेनं, हॅरॉल्डला निवडलं. ते कशासाठी? राखणारा म्हणून. ज्याला राखायला बसवलं त्यानं भिंतीआड बसून धूर बघायचा?

पण मुख्य मुद्दा पुढंच आहे. तो झडप घालायला गेला होता असं आपण गृहीत धरतो, कारण नॉर्मन तसं सांगतात. अँग्लो-सॅक्सन बखर काय सांगते? विल्यम त्याच्यावर अचानक आला, त्याची माणसं रांगेत उभी राहायच्या आत. त्याच बखरीची दुसरी प्रत म्हणते, सगळी फौज येऊन पोचायच्या आत लढाई झाली. हॅरॉल्डनं फौजेला जमायची जागा दिली होती ती "जुन्या राखाडी सफरचंदाच्या झाडापाशी". जमायची जागा! हल्ला करायची नव्हे.

आता नकाशा. तेव्हा हेस्टिंग्जच्या दोन्ही अंगांना खाड्या आणि दलदल होती. लंडनकडं जायची वाट टेकडीच्या कण्यावरून. त्या कण्यावर ठाण मांडलं की विल्यम बाटलीत बंद. आणि नॉर्मन लेखक असंही लिहितात की हॅरॉल्डनं समुद्रातून जहाजं पाठवली होती, विल्यमची परतीची वाट तोडायला. वाट अडवा, समुद्र अडवा, आणि मग वीस टनांचा हिशेब आपोआप फिरतो. उलटतपासणीसाहेब, तुम्ही जो बेत सुचवताय तोच त्याचा होता असं मला वाटतं. फक्त तो लंडनमध्ये बसून साधणारा नव्हता, टेकडीवर जाऊनच साधणार होता. विल्यमलाही ते कळलं, म्हणून तो १४ तारखेला भल्या पहाटे निघाला. एक दिवस उशीर झाला असता तर अडकला असता.

दोन वर्षांपूर्वी मुलाकडं गेलो होतो तेव्हा हट्टानं ती जागा बघून आलो. गावाचं नावच बॅटल. विल्यमनं तिथं मठ बांधला आणि हॅरॉल्ड पडला त्या जागेवर मुख्य वेदी ठेवली. आता वेदी नाही, जमिनीत एक दगड आहे. मी खालच्या ओढ्याच्या बाजूनं चढ चढून बघितला. चढ फार नाही, आपल्याकडं त्याला कुणी टेकडीही म्हणणार नाही. पण खाली जमीन ओली, बूट फसतो, आणि वर बघितलं की आकाशाच्या रेघेशिवाय काही दिसत नाही. त्या रेघेवर ढालीला ढाल लावून माणसं उभी आहेत अशी कल्पना केली आणि पाय थांबले.

सकाळी नऊच्या सुमारास सुरू झालेली लढाई अंधार पडेपर्यंत चालली. त्या काळच्या बऱ्याच लढाया काही तासांत निकाली लागत. दमलेली, घाईनं आणलेली फौज दिवसभर उभी राहते? मधे विल्यम पडल्याची आवई उठली आणि नॉर्मन पळू लागले, तेव्हा त्याला शिरस्त्राण वर करून तोंड दाखवावं लागलं. विश्वासराव पडले, भाऊसाहेब अंबारीतून उतरून घोड्यावर गेले आणि रिकामी अंबारी बघून फौजेचा धीर सुटला, हे आपण शाळेपासून ऐकतो. विल्यमचा धोका तिथपर्यंत आला होता. त्याचं नशीब की त्याला तोंड दाखवायला वेळ मिळाला. हॅरॉल्डची रांग मोडली ती पळणाऱ्यांच्या मागं खाली उतरलेल्यांमुळं. आधी खरंच पळाले, मग मुद्दाम पळाल्यासारखं करून त्यांना खाली ओढलं. तिथं सगळा उन्हाळा एकत्र राहिलेली माणसं हवी होती. शिस्त ही शिध्यासारखीच साठवावी लागते, आणि ती ८ सप्टेंबरला घरोघर वाटून टाकली होती.

सह्यकडा

काका, बखरीतला तो "अचानक आला" उल्लेख मला माहीत नव्हता. माझं मत मागं घेतो. छाप्याचा बेत असता तर जमायला झाडाची खूण कशाला दिली असती, हा मुद्दा बिनतोड आहे.

सुईदोरा

बायूच्या भरतकामाचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. मी भरतकाम शिकवते. जवळजवळ ७० मीटर लांब तागाचं कापड आणि त्यावर लोकरीचे धागे. त्याला टॅपेस्ट्री म्हणतात खरं, पण ते विणलेलं नाही, सुईनं भरलेलं आहे. आकृतीच्या आतला रंग भरायला लोकर शेजारी-शेजारी अंथरली आहे, तिच्यावर आडवे धागे टाकून बारीक टाक्यांनी ते धरून ठेवलेत. असं भरलं की लोकर फक्त उजव्या बाजूला राहते, मागं वाया जात नाही. इतकं मोठं काम करणाऱ्या हातांनी लोकरीचाही हिशेब ठेवलेला दिसतो.

दाणागोटाकाका म्हणतात ती जळणारी घरं त्यात आहेत. दोन माणसं पलिते घेऊन घराला आग लावतायत आणि खाली एक बाई मुलाचा हात धरून बाहेर पडते आहे. आकारानं घराच्या मानानं ती लहान नाही, चांगली उठून दिसेल अशी काढली आहे. हे काम बहुधा इंग्लंडमध्येच झालं, इंग्रज हातांनी, विजयी नॉर्मनांसाठी. ती बाई भरताना सुई धरणारीच्या मनात काय असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

ओसरीताई, लेकीला डोळ्यातल्या बाणाची गोष्ट सांगितली असेल तर एक भर घाला. "इथे हॅरॉल्ड राजा मारला गेला" या अक्षरांखाली दोन माणसं आहेत. एकाच्या तोंडापाशी बाण, दुसऱ्याच्या मांडीवर घोडेस्वाराची तलवार. १७३० च्या आसपास केलेल्या रेखाटनात त्या पहिल्या माणसाच्या हातात नुसती रेघ आहे, बाणाची पिसं नाहीत. पिसं नंतरच्या चित्रांत येतात, आणि मधल्या काळात कापडाची डागडुजी झालेली आहे. त्यामुळं तो बाणच होता का, यावर मी पैज लावणार नाही. जुनी शिवण उसवून पुन्हा भरताना मूळ टाका हरवतो, हे माझ्या हाताखालच्या मुलींच्या कामातही मी रोज बघते.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दाणागोटाकाकांचं उत्तर लेकीला वाचून दाखवलं. तिनं वहीवर २००० गुणिले १० करून बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे तो घाईत नव्हता, त्याच्याकडचं सगळं आधीच वापरून झालं होतं." मग बराच वेळ गप्प राहून तिनं विचारलं, "टॉस्टिगपण भाऊ, हॅरॉल्डपण भाऊ. त्यांच्या आईचं काय झालं?" हे मात्र मी कधी वाचलेलंच नाही.

सुईदोरा

तिचं नाव गीथा. डेन्मार्कच्या मोठ्या घराण्यातली. २५ सप्टेंबरला तिचा टॉस्टिग गेला, हॅरॉल्डच्याच फौजेकडून. १४ ऑक्टोबरला हॅरॉल्ड, गर्थ आणि लिओफविन, तिघेही एकाच टेकडीवर. वीस दिवसांत चार मुलगे. तिनं विल्यमकडं हॅरॉल्डचं प्रेत मागितलं, त्याच्या भारोभार सोनं द्यायला तयार झाली, असं विल्यमचा स्वतःचा चरित्रकार लिहितो. विल्यमनं नाकारलं. वॉल्थमच्या मठातल्या हकिकतीप्रमाणं प्रेत ओळखलं ते एडिथ हंसमानेनं, हॅरॉल्डच्या बरोबर अनेक वर्षं संसार केलेल्या बाईनं. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता, अंगावरच्या तिलाच ठाऊक असलेल्या खुणांवरून तिनं सांगितलं.

गीथा त्यानंतरही खचली नाही. १०६८ च्या सुरुवातीला एक्सेटर शहर विल्यमविरुद्ध उठलं तेव्हा ती तिथं होती. वेढा पडला, शहर शरण गेलं. ती निसटून फ्लॅट होम नावाच्या छोट्या बेटावर गेली, बरोबर बऱ्याच बायका होत्या असं बखर सांगते. तिथून समुद्रापलीकडं सेंट-ओमेरला. तिचा एक मुलगा तेव्हाही जिवंत होता. सगळ्यात धाकटा, वुल्फनॉथ. लहानपणी ओलीस म्हणून नॉर्मंडीला नेलेला, अजून विल्यमच्याच कैदेत.